बीटलचा पंखा: जानेवारी ते मार्च २०२५ च्या नोंदी

५ जानेवारी, रविवार

आमची जुनी बीटल घेऊन पन्हाळ्याला निघाले होते. वाघबिळाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये असताना मागून, इंजिनाकडून ‘खर्रर्र’ सुरू झालं. ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की कमी, दाबला की जास्त. लाल दिवा लागला नव्हता, म्हणजे पट्टा जागेवर होता आणि डायनमोही फिरत होता. तरी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. आबांनी गाडी शिकवताना पहिली गोष्ट तीच सांगितली होती: आवाज बदलला की आधी थांब, विचार नंतर कर.

गाडी १९६६ ची फोक्सवॅगन बीटल. इंजिन १,२८५ सीसी, ४० अश्वशक्ती, आडवे समोरासमोर चार सिलिंडर, वीज ६ व्होल्टची. आबांनी १९७८ साली मिरजेच्या एका डॉक्टरांकडून घेतली, त्यानंतर ती राजारामपुरीतल्या आमच्या शेडमध्येच आहे. रेडिएटर नाही, पाणी नाही. डायनमोच्या दांड्यावर एका टोकाला पुली, दुसऱ्या टोकाला पंखा. क्रँकच्या पुलीवरून एक पट्टा डायनमो फिरवतो, डायनमोबरोबर पंखा फिरतो, आणि पंखा पत्र्याच्या मोठ्या कवचातून सिलिंडरच्या पाकळ्यांवर (गारव्यासाठीच्या पातळ कडांवर) हवा दाबतो. ज्यांनी बजाज चेतक उघडली आहे त्यांना हे नवीन नाही. तिथं पाती मॅग्नेटच्या चाकावरच असतात, इथं डायनमोवर, एवढाच फरक.

इंजिन परत चालू करून उतारानं घरी यायचा मोह झाला होता. पण पंखा सुटला तर कवच फाडेल, या भीतीनं धाडस केलं नाही. ऊस टाकून मोकळ्या ट्रॉल्या घेऊन परतणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी दोर बांधून शिवाजी पुलापर्यंत आणलं. पैसे घेईनात. “पोरीला या गाडीचं लई वेड हाय, बरी झाली की एकदा बसवा, बास,” म्हणाले. त्यांचा फोन नंबर घेऊन ठेवला आहे.

६ जानेवारी, सोमवार, रात्री

कॉलेजातून आल्यावर पहिली परीक्षा. पट्टा काढला आणि इंजिन मोजून दहा सेकंद चालवलं. आवाज नाही. म्हणजे क्रँक, कॅम, पिस्टन यांचं काही नाही. फार बरं वाटलं. (पट्ट्याशिवाय इंजिन यापेक्षा जास्त चालवू नये. हवा शून्य असते आणि सिलिंडरचे माथे बघता बघता तापतात.)

मग डायनमोची पुली हातानं फिरवली. प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’. कवचाच्या मागच्या तोंडातून, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूनं, हात कसाबसा जातो. बोटांनी पंख्याची कड धरून हलवली तर पंखा हलला आणि पुली जागेवर राहिली. बेअरिंग गेलं असतं तर दोन्ही हलले असते. पंखा आणि दांडा यांच्यामध्येच काहीतरी आहे.

१२ जानेवारी, रविवार

उद्यमनगरातल्या मिस्त्रींना घेऊन आले. त्यांना मी लहानपणापासून मामा म्हणते. त्यांची सगळी हयात ऑइल इंजिनांत गेली, त्यांच्या वडिलांचीही. त्यांनी पुली फिरवली, कान लावला.

“ताई, डायनमो बिचारा गरीब हाय. पंखा फाटलाय.”

मग नेहमीप्रमाणं शेतीपंपाच्या इंजिनावर आले. हवेवरच्या ऑइल इंजिनाला फ्लायव्हीलवर पाती असतात आणि भोवती पत्र्याचं आवरण. “शेतकरी काय करतोय, त्यो पत्रा काढून ठिवतोय. म्हनतोय, इंजिनाला मोकळी हवा लागू दे. आन् आठ दिसात पिस्टन जाम! मोकळी हवा काय कामाची? पाकळ्यांतनं रेटून गेली पायजे.”

ही गोष्ट मी वर्गात दोन तास लावून शिकवते. मामांनी एका दमात सांगितली. या नोंदी लिहायला घेतल्या त्याही याचसाठी. पंखा बदलणं म्हणजे एक भाग काढून दुसरा लावणं नव्हे. पंखा, कवच, झडपा, रबर, भोकांच्या टोप्या असं सगळं मिळून या गाडीचा ‘रेडिएटर’ होतो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. भाचा तिळगूळ घेऊन आला आणि शेडमध्ये जाऊन बसला. त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

१९ जानेवारी, रविवार

उघडलं. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा. इंजिन गाडीतच ठेवून हे काम होतं, पण हात बारीक पाहिजेत आणि घाई नको.

बॅटरी मागच्या सीटखाली असते, आधी तिची तार सोडली. रेग्युलेटर डायनमोच्या डोक्यावरच बसवलेला आहे, त्याच्या तारांना चिकटपट्टीवर नावं लिहून लावली. कार्बोरेटर काढला. ॲक्सिलरेटरची तार कवचातून जाणाऱ्या एका नळीतून येते, ती पुढच्या बाजूला ओढून घेतली. ही तार विसरून कवच उचललं की नळी वाकते. आबांनी १९८५ च्या वहीत तसं लाल शाईत लिहून ठेवलंय.

यानंतर थर्मोस्टॅट, म्हणजे तापला की लांबणारा भाग. तो इंजिनाच्या खाली उजव्या बाजूला, पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या मध्ये असतो. त्यातून एक सळई वर कवचात जाते आणि हवेच्या झडपा उघडझाप करते. गाडीखाली झोपून त्याचा बोल्ट सोडला आणि सळईवरून तो फिरवून काढला. हे केल्याशिवाय कवच वर येत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच बीटलमध्ये “आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय” म्हणून थर्मोस्टॅट आणि झडपा काढून टाकलेल्या दिसतात. मला ते पटत नाही. झडपा नुसत्या हवा अडवत नाहीत, उघड्या असताना ती योग्य बाजूला वळवतातही.

कवचाचे दोन्ही कडांचे स्क्रू, डायनमोचा पट्टा (कमरेला बांधतात तसा पत्र्याचा पट्टा आहे, फिरणारा नव्हे), आणि डायनमोमागच्या गोल झाकणाचे चार बोल्ट काढले. वरचे दोन पाच मिनिटांत निघाले. खालच्या दोघांनी पाऊण तास घेतला. १० चा रिंग पाना अर्धा कापून घेतला तेव्हा कुठं जागेवर बसला. कवच हातभर उचलून धरलं भाच्यानं, आणि डायनमो पंख्यासकट बाहेर काढला मी.

पंख्याचा पत्रा मधल्या हबला जिथं जोडलेला आहे, तिथं गोलाकार तडा. परिघाच्या निम्म्याहून जास्त. झाकणाच्या आतल्या बाजूला चकचकीत घासल्याच्या खुणा, म्हणजे पंखा डुलत डुलत झाकणाला टेकत होता. मामांनी ३६ ची गोटी (सॉकेट पाना) लावली आणि पंख्याचा नट मनगटाच्या जोरावर सुटला. तो तसा सुटता कामा नये. साडेपाच ते साडेसहा किलोग्रॅम-मीटरनं आवळायचा नट आहे. दांड्यावरची अर्धचंद्राकृती चावी एका बाजूनं झिजलेली, आणि हबमागे एकही शिम (अंतर भरणारी पातळ चकती) नाही.

बारा वर्षांपूर्वी डायनमोची बेअरिंग एका गॅरेजमध्ये बदलून घेतली होती. तेव्हापासून हा पंखा ढिल्या नटावर फिरत होता. तेव्हा मी बाहेर बाकावर बसून पेपर तपासत होते, आत जाऊन पाहिलं नाही. या गाडीचं काम यापुढे माझ्या डोळ्यांदेखत होईल.

कवच उचललेलं होतं म्हणून ऑइल कूलरही (इंजिनाचं तेल गार करणारा भाग) दिसला. या वर्षाच्या इंजिनात तो कवचाच्या आतच उभा असतो, डाव्या बाजूला, तिसऱ्या सिलिंडरच्या बरोबर डोक्यावर. त्यामुळं तिसऱ्याला मिळणारी हवा आधीच कूलरमधून तापून येते, आणि कमीही येते. म्हणून कारखान्यानं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅमवर तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी थोडी उशिरा ठेवलेली असते. १९७१ च्या इंजिनापासून कूलर कवचाबाहेर वेगळ्या घरात नेला, तेव्हा हे दुखणं संपलं. आमच्या कूलरच्या पाकळ्यांत तेल, धूळ आणि उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे यांचा लगदा भरलेला होता. टॉर्च पलीकडून धरला तर निम्म्या फटींतून उजेडच येईना. पंखा नवा असता तरी तिसऱ्याला हवा कुठून मिळणार होती?

२० जानेवारी, सोमवार

आबांना फाटका पंखा हातात दिला. नजर आता फार चालत नाही, पण बोटं चालतात. तडा चाचपून म्हणाले, “वाघबिळात थांबलीस ते बरं केलंस.” त्यानंतर बराच वेळ पंखा मांडीवरच ठेवून बसले.

रात्री गणित मांडलं. पंखा इंजिनाच्या पावणेदोन पटीहून थोडा जास्त फिरतो. इंजिन ४,००० ला असेल तर पंखा ७,००० फेऱ्यांच्या वर जातो. ७,००० ला, केंद्रापासून ७ सेंटिमीटरवर फक्त १ ग्रॅम जास्त असेल, तर तो एक ग्रॅम दांड्याला सुमारे ३.८ किलोच्या वजनाइतका बाहेर ओढतो, तेही सेकंदाला शंभराहून जास्त वेळा दिशा बदलून. नवा पंखा कुठूनही येवो, तोल पाहिल्याशिवाय बसवायचा नाही.

२५ जानेवारी, शनिवार

भाच्याच्या डोक्यातलं बाहेर आलं. तो एका गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम करतो आणि हुशार आहे.

“मावशी, डायनमोवरचा पंखाच नको. छोट्या गाडीचा रेडिएटर फॅन बसवू. विजेवर. इंजिन बंद केलं तरी फिरत राहील. पट्ट्यावरचा भार कमी, गाडीला ताकद जास्त.”

मी त्याला झिडकारलं नाही. कागद घेऊन दोघंही बसलो. डायनमो १८० वॉटचा, म्हणजे ६ व्होल्टला ३० अँपिअर. हेडलाइट ४५ वॉटचे दोन, तिथंच ९० गेले. इग्निशन, मागचे दिवे, वायपर धरून हातात पन्नास-साठ वॉट उरतात. पंख्याचा नियम असा की फेरे दुप्पट झाले की हवा दुप्पट, पण लागणारी ताकद आठपट. चढावर इंजिन ओरडत असतं तेव्हा पंख्याला लागणारी ताकद इंजिन पट्ट्यातून देतं, ती बॅटरीतून आणायची तर डायनमो, तारा, बॅटरी सगळंच बदलावं लागेल. शिवाय रेडिएटरचा पंखा पातळ जाळीतून हवा ढकलतो. इथं बंद कवचात दाब तयार करून ती खोल पाकळ्यांतून रेटायची आहे. म्हणून मूळ पंखा ब्लोअरसारखा आहे, हवा मधून घेऊन कडेनं फेकणारा.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. या गाडीत पट्टा तुटला की डायनमो थांबतो, लाल दिवा लागतो आणि ड्रायव्हरला कळतं की हवा बंद झाली. एका दिव्यात दोन निरोप. विजेचा पंखा मुकाट्यानं बंद पडला तर कोण सांगणार? भाचा म्हणाला, त्यालाही दिवा लावता येईल. येईल, खरं आहे. पण इंजिन जितकं जास्त राबेल तितकी जास्त हवा, यासाठी ना सेन्सर ना फ्यूज, फक्त एक पट्टा, हे मला मोडायचं नाही. शेवटी तोही म्हणाला, “ठीक आहे, मूळच बसवू. पण तेलाला थर्मामीटर मी लावणार.” लाव म्हटलं.

मामांचा तिसराच विचार. “ॲल्युमिनियमचा ओतून देतो की! ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरात बनवला, तिथं एक पंखा हुईना व्हय?” कॅमेऱ्याची गोष्ट खरी आहे. १९१८ साली बाबूराव आणि त्यांचे शिष्य दामले यांनी तो याच गावात पुरा केला. आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत याहून अवघड कास्टिंग रोज निघतात, याबद्दलही शंका नाही. पण मूळ पंखा पातळ पत्र्याचा, हलका आहे. ओतलेल्या पात्यात एखादा बुडबुडा राहिला आणि ७,००० फेऱ्यांना पातं सुटलं, तर मागच्या सीटवर बसणारं माणूस माझ्याच घरातलं असेल. मामांना तसं सांगितलं. ते थोडे खट्टू झाले, मग म्हणाले, “ते बी खरंच.”

पंखा बाहेरून मागवला आहे. यादीत ‘१३०० साठी’ असं लिहिलं होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

किरणोत्सवाचा मधला दिवस. आईला घेऊन संध्याकाळी अंबाबाईला गेले. मावळतीची किरणं गरुड मंडपातून सरकत आत येताना ते एवढे लोक एका श्वासात गप्प होतात, ते दरवर्षी नव्यानं अंगावर येतं.

घरी आलो तर पार्सल येऊन पडलं होतं. पंखा नवाकोरा, सुंदर, आणि चुकीचा. जुन्यापेक्षा अर्धं बोट रुंद. हा १९७१ नंतरच्या, बाहेर कूलर असलेल्या इंजिनाचा. त्या कूलरला जास्त हवा लागते म्हणून पंखा रुंद केला होता, आणि त्याचं कवचही वेगळं. मेक्सिकोत पुएब्लाला बीटल ३० जुलै २००३ पर्यंत बनत होती, त्यामुळं बाजारात रुंद पंखे भरपूर मिळतात आणि आमचा अरुंद पंखा शोधावा लागतो. मागवणाऱ्यांनी वर्षावर किंवा सीसीवर विसंबू नये, जुन्या पंख्याची रुंदी व्हर्नियरनं मोजून विक्रेत्याला कळवावी. मी ते केलं नाही. परत पाठवायचा खर्च माझ्याच माथी.

९ फेब्रुवारी, रविवार

पुण्याच्या एका बीटलवाल्यांकडे मोडीत निघालेल्या इंजिनाचा अरुंद पंखा होता. त्यांनी तो कापडात गुंडाळून एसटीच्या पार्सलनं पाठवला. रुंदी बरोबर. पण वापरलेला, म्हणून आधी तडा शोधणं आलं. माझा एक जुना विद्यार्थी फाउंड्रीत तपासणी विभागात आहे. त्यानं डाय पेनेट्रंट मारलं: आधी लाल रंग, तो पुसून वर पांढरी पावडर. जिथं तडा असेल तिथं लाल रेघ उमटते. हबभोवती पूर्ण फिरवून पाहिलं, पांढरं ते पांढरंच राहिलं. जुन्या पंख्यावरही मारून पाहिलं, त्यावर लाल चंद्रकोर लखलखीत उमटली. दोन्ही फोटो वर्गात दाखवायला ठेवले आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गोकुळ शिरगावला पंपाचे इम्पेलर (आतली फिरती चाकं) बॅलन्स करतात तिथं पंखा नेला. एवढी हलकी वस्तू त्यांच्याकडे सहसा येत नाही, म्हणून त्या माणसानं मुद्दाम एक मँड्रेल (पंखा धरणारा दांडा) वळवून घेतला. पहिल्या फिरकीला असमतोल दीड ग्रॅमच्या आसपास निघाला. मागच्या तबकडीच्या कडेवर जड बाजूला थोडं थोडं घासत पाच वेळा यंत्रावर चढवला. शेवटी आकडा ग्रॅमच्या दहाव्या भागाखाली आला. त्यानं तिथं मार्करनं ‘ओके’ लिहिलं आणि खाली तारीख टाकली. ते पुसायचं नाही असं ठरवलंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डायनमो. बेअरिंग दोन्ही नवीन, कार्बन नवीन, चावी नवीन. कम्युटेटर (ज्यावर कार्बन घासतात तो भाग) लेथवर अगदी पातळ फिरवून घेतला, खाचा साफ केल्या. मग टेबलावर मोटरसारखा चालवून पाहिला: डायनमोचं डीएफ हे टोक बॉडीला, बॅटरीचं धन टोक डायनमोच्या डी-प्लस टोकाला, ऋण बॉडीला. बाणाच्या दिशेनं सावकाश, एकसारखा फिरला. काही सेकंदच फिरवायचा. बराच काळ पडून राहिलेल्या डायनमोतली चुंबकाची दिशा याच कृतीनं नीट बसते.

१६ फेब्रुवारी, रविवार

पंखा चढवला. झाकण आणि पंख्याची मागची बाजू यांत २ मिलिमीटर अंतर पाहिजे. कमी असलं तर घासतो, फार जास्त असलं तर हवा त्या फटीतून मागं फिरते आणि सिलिंडरपर्यंत जोर पोचत नाही. विना शिम मोजलं तर १.१ आलं. हबमागं शिम घालत गेले, फिलर गेजनं चार ठिकाणी मोजत २.० वर आणलं. टॉर्क रेंचवर ६ लावून नट आवळला. ‘कट्’ असा आवाज आला तेव्हा मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

झाकणाचे स्क्रू लावून डायनमो कवचात बसवायला घेणार, एवढ्यात आबा खुर्चीतून म्हणाले, “आण बघू इकडं.” झाकणावरून बोटं फिरवली. “चीर वर आलीय. खाली पाहिजे.” झाकणाला डायनमोच्या हवेसाठी एक चीर असते, तिचं तोंड जमिनीकडे लागतं. पुस्तकात ते मी वाचलंही होतं. पुन्हा सगळं सोडून फिरवलं. अर्धा तास गेला आणि आबांना दुपारी एक चहा जास्त मिळाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

थर्मोस्टॅटची परीक्षा. पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, दोऱ्यानं बांधलेला थर्मोस्टॅट. ६५ ते ७० अंशांना त्याची लांबी निदान ४६ मिलिमीटर व्हायला हवी. ६८ ला ४६.५ झाली. एकोणसाठ वर्षांचा आहे आणि अजून खरं बोलतो. आईनं ते पातेलं परत घेतलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं परत बसवलं. काढण्यापेक्षा बसवायला वेळ जास्त लागला, कारण मधल्या आठवड्यांत पत्र्यांकडे नीट बघितलं होतं.

इंजिनाभोवती जे रबर असतं, जे इंजिनाची खोली खालच्या गरम हवेपासून तोडून टाकतं, ते उजव्या बाजूला वीतभर फाटलेलं होतं. पंखा काचेखालच्या जाळीतून ताजी हवा घेतो असं आपण धरून चालतो. पण या फटीतून सायलेन्सरजवळची भाजकी हवा वर आली की पंखा तीच पुन्हा सिलिंडरवर मारतो. लक्ष्मीपुरीत चार दुकानं फिरले. हुबेहूब घडीचं रबर मिळालं नाही, म्हणून तेही पुण्याहून आलं. दुसरी फट स्पार्क प्लगपाशी. प्लगच्या वायरवर रबराची गोल टोपी असते, ती पत्र्यातलं भोक बंद करते. आमच्या चारपैकी दोन गायब होत्या. प्रत्येक भोक दोन बोटं जाईल एवढं. कितीतरी वर्षं त्यातून दाबाची हवा बाहेर शिट्टी मारत निघून जात होती. सगळ्या टोप्या नव्या घातल्या.

कूलर मामांनी पेट्रोल आणि ब्रशनं धुऊन दिला. आता टॉर्च पलीकडून सगळ्या फटींतून दिसतो.

पट्टा. त्याचा ताण डायनमो सरकवून नव्हे, पुलीच्या दोन अर्ध्यांमधल्या शिमनी ठरतो. मध्ये शिम जास्त, तर पुली रुंद आणि पट्टा खोल बसून ढिला. शिम कमी, तर पट्टा वर चढून ताठ. काढलेल्या शिम फेकायच्या नाहीत, बाहेरच्या बाजूला नटाखाली ठेवायच्या, म्हणजे पुढच्या वेळी गाडीसोबतच असतात. नट आवळताना पुली फिरू नये म्हणून तिच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून डायनमोच्या वरच्या बोल्टाला टेकवायचा. अंगठ्यानं दाबून १५ मिलिमीटर खाली गेला पाहिजे. ताठ पट्टा चांगला असं समजून लोक बेअरिंग मारतात. आमचा तीन शिम आत ठेवून बरोबर बसला.

ठिणगीचं टायमिंग ७.५ अंशांवर आहे का ते पाहून घेतलं. मग स्टार्टर. दुसऱ्या फिरकीला इंजिन धरलं. फाटक्या पंख्याची घरघर इतके महिने आमच्या कानांत हळूहळू मुरत गेली होती, हे ती गेल्यावर कळलं. आता नुसती हवेची एकसंध सळसळ येते, पावलाबरोबर चढते आणि उतरते. आबा म्हणाले, “बंद करू नको इतक्यात.”

२ मार्च, रविवार

रंकाळ्याला तीन फेऱ्या, मग फुलेवाडीपर्यंत. तेलाचा थर्मामीटर भाच्यानं डिपस्टिकच्या जागी बसवला. गावात ८८ ते ९२.

९ मार्च, रविवार

पन्हाळा. दुपारी मुद्दाम साडेबाराला निघालो, बाहेर ३५ अंश. सोबत आबा, भाचा आणि केर्लीत थांबून घेतलेली ट्रॅक्टरवाल्या दादांची मुलगी, वय नऊ. तिनं मागच्या सीटवर गुडघे टेकून, पूर्ण रस्ता मागच्या काचेतून इंजिनाच्या झाकणाकडे बघत प्रवास केला. “आतला पंखा आता फिरतोय?” असं चार वेळा विचारलं. चारही वेळा आबांनी उत्तर दिलं.

वाघबिळाच्या चढावर दुसरा गिअर, समोर ऊसाच्या दोन ट्रॉल्या, त्यामुळं वेग कमी आणि भार जास्त. या इंजिनासाठी यापेक्षा वाईट काय असणार! चढ संपला तेव्हा तेल १०६. तीन दरवाजापाशी पोचेपर्यंत १०४, आणि थांबण्याआधी दोन मिनिटं इंजिन मंद चालू ठेवलं तेव्हा ९९. चढाआधीचं माप माझ्याकडे नाही म्हणून तुलना करता येत नाही, याची हळहळ आहे. थर्मामीटर आधीच्या वर्षीच लावायला हवा होता.

उतरताना केर्लीत मुलीला सोडलं. तिच्या आईनं गुळाची ढेप दिली, नको म्हणायची सोय नव्हती.

घरी येऊन पट्टा दाबला: १५ च्या जागी १९. नवा पट्टा पहिल्या काही मैलांत ताणतोच. आतली एक शिम काढून बाहेर टाकली, परत १५. आता आत दोन, बाहेर चार. जादा पट्टा, २१ चा पाना आणि जाड स्क्रू ड्रायव्हर पुढच्या झाकणाखाली स्टेपनीच्या मधल्या जागेत ठेवले. पुढचं तेल बदलताना डाव्या बाजूच्या हीटरच्या नळीचा फाटका तुकडा बदलायचा आहे, हवा तिथूनही थोडी गळतेय.